वेगवेगळ्या विभागांच्या वेगवेगळ्या तिकीट सिस्टिम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण भागातल्या एका मोठ्या उत्पादन कंपनीत आयटी सेवेचं काम मी बघते. आमच्याकडे तिकीट सिस्टिम, म्हणजे तक्रारी आणि विनंत्या नोंदवून त्यांचा माग ठेवायची व्यवस्था, एक नाही, पाच आहेत. नव्याने जॉइन झालेले इंजिनिअर, दुसऱ्या प्लांटमधले सहकारी आणि इतर कंपन्यांत हेच काम करणारे मित्र-मैत्रिणी मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एकाच कंपनीत पाच-पाच सिस्टिम होतातच कशा?

ठरवून कोणीच करत नाही. आयटी हेल्पडेस्कला पासवर्ड, लॅपटॉप, नेटवर्कच्या तक्रारींसाठी काहीतरी लागतं, म्हणून सर्व्हिसडेस्क प्लस, फ्रेशसर्व्हिस किंवा सर्व्हिसनाऊ येतं. सॉफ्टवेअर टीम प्रोग्रॅममधले बग (दोष) आणि कामं नोंदवायला आधीपासून जिरावर असते. मेंटेनन्सवाले सॅप या कंपनीभरच्या सॉफ्टवेअरच्या पीएम (प्लांट मेंटेनन्स) मॉड्यूलमध्ये नोटिफिकेशन, म्हणजे बिघाडाची नोंद, टाकतात, कारण मशीनचा इतिहास आणि स्टोअरमधले स्पेअर पार्ट तिथेच दिसतात. क्वालिटीला ग्राहकाच्या तक्रारीवर ८डी रिपोर्ट (आठ टप्प्यांत कारण आणि उपाय लिहायचा अहवाल) भरायचा असतो, त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं. ॲडमिनकडे कॅन्टीन, बस आणि एसीचं रजिस्टर असतं, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुप. ज्याने त्याने आपल्या कामाला सोयीचं घेतलं आणि दहा वर्षांनी कोणीतरी मोजलं तेव्हा पाच निघाल्या.

पण हे चूकच आहे ना?

माझ्या मते नाही. ‘तिकीट’ हा शब्द एक असला तरी त्यामागची कामं वेगळी आहेत. सॉफ्टवेअरमधल्या बगला व्हर्जन लागतं, तो पुन्हा कसा घडवून दाखवायचा याच्या पायऱ्या लागतात, आणि तो पुढच्या रिलीजपर्यंत थांबू शकतो. पहाटे तीनला प्रेस बंद पडली तर फिटरला मशीनचा नंबर, बंद पडल्याची वेळ, मागच्या वेळी कोणता सील बदलला होता हे हवं असतं, आणि तेही हाताला ग्रीस लागलेलं असताना. या दोघांना एकाच फॉर्मसमोर बसवणं म्हणजे दोघांचीही अडचण करणं.

सगळ्यांना एकाच सिस्टिमवर आणून का बघत नाही?

आम्ही बघितलं. सगळ्या कंपनीसाठी एक फॉर्म ठरला. मग प्रत्येक विभागप्रमुखाने आपले चार-चार रकाने सक्तीचे करून घेतले. एसी थंड करत नाही अशी तक्रार करायची तरी ‘कोणत्या व्हर्जनमध्ये’ हे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. लोक यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळे व्हायला लागले. मशीनच्या यादीतही तेच झालं. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला तर कारखान्यात सगळ्यात जास्त बिघडणारं मशीन म्हणून यादीतलं पहिलं मशीन आलं, आणि ते बिचारं उत्तम चालत होतं. मेंटेनन्सने तोवर गुपचूप रजिस्टर पुन्हा सुरू केलं होतं.

एकत्र आणावं ते सारख्या कामाचं. दोन प्लांटचे दोन हेल्पडेस्क असतील किंवा दोन सॉफ्टवेअर टीम दोन साधनं वापरत असतील, तर ते जरूर एक करा. त्यात फायदाच आहे.

बाहेरच्या मोठ्या संस्था काय करतात?

दोन्ही वाटांची उदाहरणं आहेत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे बगझिला, आरटी, ट्रेलो, मिंगल अशी बग आणि कामं नोंदवायची निरनिराळी साधनं होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी बगझिलातले सत्तर हजारांहून जास्त बग फॅब्रिकेटर या एका साधनावर आणले आणि बाकीची साधनंही तिकडे वळवायला घेतली. आज मराठी विकिपीडियाची एखादी सेटिंग बदलून हवी असेल तरी विनंती तिथेच नोंदवावी लागते. त्यांना हे जमलं, कारण बहुतेक सगळं काम एकाच सॉफ्टवेअरभोवतीचं आहे.

उलट खुल्या सॉफ्टवेअरचे अनेक प्रकल्प सांभाळणारं अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन बघा. त्यांचे टॉमकॅट आणि एचटीटीपीडी हे प्रकल्प बगझिलावर, काफ्का जिरावर, एअरफ्लो गिटहबवर. तिथले प्रकल्प आपापला कारभार स्वतः बघतात, एकाचा बग सहसा दुसऱ्याच्या दारात जात नाही, म्हणून वेगळेपण खपून जातं. तेव्हा साधन निवडण्याआधी, आपल्या विभागांतलं काम एकमेकांच्या हद्दीत किती वेळा जातं ते मोजा. कारखान्यात ते रोज जातं.

मग खरं नुकसान कुठे होतं?

हद्दीवर. एक प्रसंग सांगते, कारण त्यानंतर आमची काम करायची पद्धतच बदलली.

रात्री साडेअकराला डिस्पॅचच्या प्रिंटरवरून निघणारी लेबलं स्कॅन होईनात. गाडी भरून गेटवर उभी. लेबल वाचलं गेलं नाही तर ग्राहकाच्या गोदामात माल उतरवून घेत नाहीत. डिस्पॅचच्या सुपरवायझरांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. हेल्पडेस्कच्या मुलाने रिमोटवरून टेस्ट प्रिंट काढली, ती स्वच्छ आली, ‘प्रिंटर ओके’ लिहून तिकीट क्लोज केलं. अण्णांनी मेंटेनन्सला नोटिफिकेशन टाकलं. फिटर आला, प्रिंट हेड पुसलं, रिबन बदलली, केबल हलवून बघितली, नोटिफिकेशन क्लोज. मग सॅप टीमला तिकीट. ऑन-कॉल माणसाने स्पूल (प्रिंटरकडे जाणारी रांग) तपासला, डेटा बरोबर जात होता, तेही क्लोज. पहाटे चार वाजता तीन सिस्टिममध्ये तीन तिकिटं हिरवी झाली होती आणि गाडी गेटवरच होती.

कारण सकाळी सापडलं. आदल्या दुपारी सॉफ्टवेअर टीमने ग्राहकाच्या मागणीवरून लेबलचा आराखडा बदलला होता. नव्या आराखड्याला लागणारा फॉन्ट डिस्पॅचच्या जुन्या प्रिंटरच्या मेमरीत नव्हता. त्यामुळे भागाचा नंबर मोठ्या अक्षरांत छापला जाऊन थेट बारकोडवर चढत होता. टेस्ट प्रिंटमध्ये तो फॉन्ट वापरलाच जात नाही, म्हणून ती स्वच्छ. आराखडा बदलल्याची नोंद जिरामध्ये अगदी व्यवस्थित होती, फक्त तो प्रोजेक्ट बघायची परवानगी त्या रात्री कामावर असलेल्या कोणाकडेच नव्हती.

त्या रात्री कोणी खोटं लिहिलं नाही की टाळाटाळ केली नाही. प्रत्येकाने आपला तुकडा तपासला आणि आपला तुकडा ठीक होता. सकाळी अण्णांनी तीनही तिकिटांचे नंबर कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, “मॅडम, यातलं माझं काम कोणाकडे आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिकीट दुसऱ्या विभागाकडे द्यायचं तर कसं द्यावं?

अण्णांच्या प्रश्नाला कधीही एकच उत्तर असेल, अशा रीतीने. आमचा नियम असा: ज्याने तिकीट पहिल्यांदा घेतलं, तोच तक्रारदाराला शेवटपर्यंत बांधील. काम दुसऱ्या विभागाचं निघालं तर त्यांच्या सिस्टिममध्ये तिकीट तो स्वतः टाकतो, तक्रारदाराला पुन्हा टाकायला लावत नाही. तिथला नंबर आपल्या तिकिटात एका ठरलेल्या रकान्यात लिहितो. आपलं तिकीट क्लोज करत नाही, ‘दुसऱ्या विभागाकडे’ या स्टेटसला ठेवतो. समोरचा ‘घेतलं’ म्हणेपर्यंत ते दिलं असं धरत नाही. आणि क्लोज करण्याआधी तक्रारदाराला फोन करून विचारतो की काम सुरू झालं का.

यात तांत्रिक काहीच नाही. एक रकाना, एक स्टेटस आणि एक फोन. पण आमचे पुन्हा उघडलेल्या तिकिटांचे वाद जवळजवळ सगळे याच तीन गोष्टींनी मिटले. सुरुवातीला हेल्पडेस्कची मुलं नाराज होती, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर उघडं दिसतं म्हणून. ती नाराजी रास्त होती. म्हणून त्यांच्या कामाच्या मोजणीतून ‘दुसऱ्या विभागाकडे’ असलेला वेळ आम्ही वगळला. हा बदल केला नसता तर नियम कागदावरच राहिला असता.

“हे आमचं नाही” म्हणून तिकीट परत आलं तर?

एकदा परत येऊ शकतं. दुसऱ्यांदा आलं की तिकीट हलवणं बंद. दोन्ही टीम लीडनी एकाच कॉलवर यायचं, जिथे बिघाड आहे तिथला माणूसही त्या कॉलवर हवा. बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत कळतं.

दोन सिस्टिम एकमेकींना जोडाव्यात का?

रोज बरीच तिकिटं इकडून तिकडे जात असतील तरच. आठवड्याला पाच-दहा जात असतील तर हाताने नंबर लिहिणं स्वस्त पडतं आणि कमी बिघडतं.

जोडायचंच ठरलं तर ईमेलवर विसंबू नका. एका सिस्टिमने पाठवलेली ‘तुमचं तिकीट मिळालं’ ही मेल दुसरीला नवी तक्रार वाटते, ती तिकीट बनवून उलट मेल पाठवते, पहिली त्या मेलचं तिकीट बनवते. हे फेरे कोणी थांबवेपर्यंत चालू राहतात. एपीआयने, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी थेट बोलायच्या सोयीने, जोडा, आणि मोजकीच माहिती ने-आण करा: दोन्हीकडचे नंबर, विषय, स्टेटस, कोणाकडे आहे, शेवटचा बदल कधी झाला. कोणता रकाना कोणत्या सिस्टिमचा खरा मानायचा हे आधी लिहून ठेवा, नाहीतर दोघी एकमेकींचं लिहिलेलं पुसत बसतात.

स्टेटसचा मेळ घालायला वेळ द्या. जिरातलं ‘डन’ म्हणजे कोड लिहून झाला, हेल्पडेस्कचं ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणजे वापरणाऱ्याचं काम सुरू झालं. मधे टेस्टिंग आणि रिलीज आहे, कधी कधी पंधरा दिवसांचं. ‘डन’ होताच आपोआप ‘रिझॉल्व्ह्ड’ होईल असं जोडलंत तर अण्णांसारख्या माणसाला मेल जाते की काम झालं, आणि त्यांच्यासमोरचा स्क्रीन तसाच असतो. एकदा असं झालं की पुढच्या वेळी ते तिकीट टाकतच नाहीत, सरळ फोन करतात.

टीममधल्या आपसातल्या नोंदी पलीकडे जाणार नाहीत, हेही तपासा. ‘युजरने पुन्हा तोच गोंधळ घातला’ असं कोणीतरी लिहिलेलं असतं, आणि ते त्या युजरनेच वाचलं तर विश्वास परत मिळवायला वर्ष लागतं.

सगळेच विभाग आपापलं तिकीट पी-वन (सर्वात तातडीचं) म्हणून पाठवतात. काय करायचं?

अंकाची भाषा सोडा. लाइन थांबली आहे का, गाडी अडली आहे का, एकाच माणसाचं अडलंय की सगळ्या शिफ्टचं? हे तीन प्रश्न सगळ्या सिस्टिममध्ये सारखे ठेवा. मग कोणाची कुठली प्रायॉरिटी ते प्रत्येक विभाग आपल्या आकड्यात बसवून घेईल.

एसएलएचं (काम किती वेळात करायचं या कराराचं) घड्याळ कोणाचं धरायचं?

तक्रारदाराचं. हेल्पडेस्कचे चार तास, सॅप टीमचे आठ, सॉफ्टवेअरचे दोन दिवस, आणि प्रत्येकाने आपली वेळ पाळली तरी डिस्पॅचला तीन दिवस लागलेले असतात. त्यात प्लांट तीन पाळ्यांत चालतो आणि सॅप टीमचं घड्याळ साडेनऊ ते साडेसहा. शुक्रवारी रात्रीचं तिकीट त्यांच्या हिशेबात सोमवारी सकाळी सुरू होतं. एकूण वेळ वेगळी मोजा, आणि हद्द ओलांडणाऱ्या तिकिटांची आपसातली वेळ दोन विभागप्रमुखांनी सही करून ठरवा.

कोणत्या तक्रारी मुद्दाम वेगळ्याच ठेवाव्यात?

लैंगिक छळाच्या तक्रारी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करायला मनाई करतं. एचआरच्या सर्वसाधारण तिकिटांत ही तक्रार आली तर ती सिस्टिमच्या ॲडमिनला दिसते, बॅकअपमध्ये जाते, आणि नोटिफिकेशनच्या मेलमध्ये विषयाची ओळ जशीच्या तशी उमटते. ती ओळ कोणाच्या मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर येईल सांगता येत नाही. या तक्रारी त्या कायद्याखाली नेमलेल्या अंतर्गत समितीकडेच, त्यांच्या स्वतःच्या बंद जागेत. हेल्पडेस्कवर चुकून आलीच तर उत्तर न लिहिता समितीच्या सदस्याला प्रत्यक्ष कळवायचं आणि मजकूर काढून घ्यायचा, हे आमच्याकडे प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं.

सुरक्षेच्या घटनांचं दुखणं उलटं आहे. तपशील मोजक्या लोकांतच ठेवायचा, पण बातमी मात्र ताबडतोब पोचायला हवी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग (सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. कोणीतरी रात्री ‘विचित्र मेल आली, क्लिक केलं, आता फाइल उघडत नाहीत’ असं तिकीट टाकतं, ते ‘ईमेल’ या प्रकारात मोडतं आणि सकाळपर्यंत रांगेत पडून राहतं. ६ तास तिथेच संपतात. अशा शब्दांवर नजर ठेवणारा नियम हेल्पडेस्कच्या सिस्टिममध्ये हवा आणि सुरक्षा टीमला फोन जायला हवा, मेल नाही.

कामगारांना मराठीत तिकीट टाकता येईल का?

आलंच पाहिजे. इंग्रजी फॉर्म असला की शॉप फ्लोअरवरचा माणूस सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर इंजिनिअरला सांगतो, इंजिनिअर आपल्या शब्दांत लिहितो. मूळचं ‘मशीन सुरू करताना कट् असा आवाज येतो आणि मग गरम होतं’ हे ‘मशीन नॉट वर्किंग’ होऊन पोचतं. फिटरला हवं ते नेमकं वाटेत गळतं.

पाचही सिस्टिम मराठी नीट साठवतात का, ते प्रत्यक्ष टाकून बघा. जुन्या डेटाबेसमध्ये रकाना युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत) नसेल तर पलीकडे नुसती प्रश्नचिन्हं पोचतात. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ-८’ मध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं, म्हणून मराठी चालते, पण इमोजीला चार लागतात. व्हॉट्सॲपवरून उचलून चिकटवलेल्या तक्रारीत हात जोडलेले असले तर सेटिंगप्रमाणे एकतर नोंदच होत नाही किंवा त्या हातांपुढचा मजकूर कापला जातो. रकाना ‘यूटीएफ-८ एमबी-४’ केला की हा त्रास संपतो.

शोधाचीही तयारी ठेवा. ‘प्रिंटर’, ‘प्रींटर’ आणि इंग्रजी स्पेलिंग ही सिस्टिमसाठी तीन वेगळी नावं आहेत. म्हणून मशीन निवडायला क्यूआर कोड लावा, मजकूर मोकळा सोडा. आमच्याकडे आता मशीनवरचा कोड स्कॅन करून फोनवर मराठीत बोलून तक्रार लिहिता येते. बोलून टाइप झालेल्यात चुका असतात, पण ‘कट् असा आवाज’ पोचतो.

वरिष्ठांना सगळ्याचा एकच डॅशबोर्ड हवा आहे.

द्या, पण पाच सिस्टिमचे आकडे बेरीज करून देऊ नका. मेंटेनन्सचं एक नोटिफिकेशन आणि पासवर्ड रीसेटचं एक तिकीट यांची बेरीज कशाचीच नसते. मी चारच गोष्टी दाखवते: हद्द ओलांडलेली तिकिटं किती, त्यातलं सर्वात जुनं किती दिवसांचं, पुन्हा उघडलेली किती, आणि ज्यांवर सध्या कोणाचंही नाव नाही ती किती. चौथा आकडा शून्याच्या वर असेल तर मीटिंग तिथूनच सुरू होते.

एखादी सिस्टिम बंद करायची वेळ आली तर?

येतेच. जिरा बनवणाऱ्या ॲटलासियन कंपनीने त्याच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला, तेव्हा स्वतःच्या सर्व्हरवर जिरा चालवणाऱ्या कंपन्यांना क्लाउड, डेटा सेंटर आवृत्ती किंवा दुसरं साधन यांतून निवडावं लागलं.

सगळ्यात आधी जुने नंबर सांभाळा. ते मेलमध्ये, ऑडिट रिपोर्टमध्ये, कोडच्या कॉमेंटमध्ये आणि लोकांच्या तोंडी असतात. विकिमीडियाने यासाठी साधी युक्ती केली: बगझिलातल्या प्रत्येक नंबरात २००० मिळवून नवा नंबर दिला, म्हणजे कोणालाही तोंडी हिशेब करता येतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे इश्यू (तिकिटं) एप्रिल २०२२ मध्ये गिटहबवर गेले तेव्हा नंबर बदलले, पण जुनं प्रत्येक पान वाचण्यापुरतं ठेवून त्यावर नव्या इश्यूचा दुवा दिला गेला. दोन्हींपैकी काहीही करा, पण जुना नंबर टाकल्यावर ‘पान सापडले नाही’ असं येऊ देऊ नका. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची नावं नोंदींवर तशीच राहू द्या. कोणी काय ठरवलं होतं हे तीन वर्षांनी लागतं.

लायसन्सचा खर्च वाचवायला एकत्र करावं का?

आधी दर कसा लागतो ते बघा. काही साधनं फक्त तिकीट सोडवणाऱ्यांचे पैसे घेतात, काही प्रत्येक वापरणाऱ्याचे. पाच हजार माणसांच्या प्लांटमध्ये ‘एक करून बचत’ उलटी महाग पडू शकते.

आम्ही सुरुवात कुठून करावी?

सगळ्या सिस्टिमची यादी करा, त्यात वह्या, एक्सेल आणि व्हॉट्सॲप ग्रुपही धरा. मग गेल्या महिन्यातली, एकाहून जास्त विभागांत फिरलेली तीस तिकिटं काढा आणि ती टाकणाऱ्यांना जाऊन भेटा. ऑफिसात बोलावू नका, त्यांच्या जागी जा. कुठे अडलं ते तीस माणसांत कळतं, सॉफ्टवेअरचा डेमो त्यानंतर बघा.

पुढचं काम एका माणसाच्या नावावर करा. आमच्याकडे हेल्पडेस्कमधली एक मुलगी रोज सकाळी अर्धा तास फक्त ‘दुसऱ्या विभागाकडे’ असलेली तिकिटं बघते आणि फोन करते. मंगळवारी वीस मिनिटं सगळे लीड उभ्याने भेटतात आणि ती यादी मोठ्याने वाचली जाते. डिस्पॅचकडून त्या बैठकीला अण्णा स्वतः येतात.